आईच्या मातीनंतर तुला

प्रिय पोरी,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज वाचून रात्रभर अस्वस्थ होतो. आईची माती होऊन महिना झाला नाही आणि लोकांनी तुझ्या मोबाइलवर काय काय पाठवलंय! कुणी तारीख सांगतंय, कुणी म्हणतंय की रडणं म्हणजे अविश्वास. आणि तू विचारतेस, प्रभू येईल तेव्हा जिवंत असलेले पुढे जातील आणि आई मागे राहील का?

थेस्सलनीका या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला नेमकं हेच भय होतं. ती मंडळी उभी करणाऱ्या प्रेषित पौलाला तिथून रातोरात निघावं लागलं. मंडळी कोवळी, वरून छळ, त्यात आपली माणसं वारलेली. इसवी सन 50च्या सुमारास त्याने करिंथहून त्यांना पहिलं पत्र लिहिलं. चौथ्या अध्यायाचा शेवट काढ. तिथे तारखेचा हिशेब नाही. मेलेले आधी उठतील, मग आपण, आणि सगळे मिळून सदासर्वकाळ प्रभूजवळ. लगेच आज्ञा आहे: या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. सांत्वन, पोरी! एकमेकांना घाबरवा असं पौल म्हणत नाही.

प्रभू येशूच्या पुनरागमनाची आशा रडणाऱ्यांना दिलेली आहे. हे मी मरेपर्यंत सांगणार. मंडळीत माझ्याबद्दल कुरबुर आहे की हा शेवटच्या काळाच्या चिन्हांवर बोलत नाही, प्रत्येक दफनविधीला तोच शास्त्रपाठ घेतो. घेतो, आणि घेत राहीन. माझे वडील गेले तेव्हा पेटीवर मातीचे पहिले गोळे धप्प करून पडले, मला हुंदका फुटला, आणि एका वडीलधाऱ्याने माझा दंड दाबून म्हटलं, ‘आवर, विश्वासाची साक्ष बिघडते.’ तो हुंदका आजही छातीत अडकलेला आहे. मेलेल्या मित्राला, लाजराला, आता उठवायचंच आहे हे ठाऊक असताना येशू त्याच्या कबरेपाशी रडला. मग तू का नाही रडायचं? आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढंच पौल म्हणतो. शोकच करू नका, असं नाही.

तारखांचं म्हणशील तर अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी बायबलातल्या दानिएलाच्या पुस्तकातले 2300 दिवस मोजून प्रभू येण्याची तारीख 22 ऑक्टोबर 1844 ठरवली. हजारो माणसं वाट पाहत बसली. दिवस सरला, आणि माणसं ढसाढसा रडली. तो दिवस पुत्रालाही, म्हणजे त्याला स्वतःलाही, ठाऊक नाही, असं प्रभू स्वतः म्हणाला; मग व्हिडिओ पाठवणाऱ्याला कुठून कळला? डिलीट कर ते सगळं.

आणि नर्सिंग सोडून घरी प्रार्थनेत बसायचं, हे काय डोक्यात घेतलंस? याचा मला खरंच राग आला. थेस्सलनीकातही काहींनी कामधंदा सोडला होता. दुसऱ्या पत्रात पौलाने सरळ सांगितलं, ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाई बघ. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा, सगळे आधीच गेलेले. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमाही गेली. तरी बायबलचं मराठी भाषांतर बाईंनी हातचं सोडलं नाही. ते पुरं केलं आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. प्रभूची वाट अशी बघायची असते. वॉर्डात उशाशी बसून कुणाचा हात धरशील तेव्हा ही आशा तुझ्या कामाला येईल. ती रडणाऱ्यांसाठीच आहे, आणि रडणारी माणसं तुझ्या वॉर्डात आहेत.

सोमवारी कॉलेजला जा. बाबांना एकटं जेवू देऊ नकोस.

कबरीच्या फरशीवर काय कोरायचं, हेही विचारलं होतंस. नाव, जन्म, मृत्यू यांवर थांबू नकोस. पौलाच्या पहिल्या पत्राच्या त्याच चौथ्या अध्यायातलं सोळावं वचन घे, ‘ख्रिस्तामध्ये जे मेलेले आहेत ते पहिल्याने उठतील.’ कारागीर अक्षरावर पैसे घेतो, म्हणून बाबा काटछाट करायला बघतील. करू देऊ नकोस. कमी पडतील ते मी देतो.