हापूसच्या उचलीवर परदेशी पदवी?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी देवगड तालुक्यातला बागायतदार. मुलगी बारावी सायन्सला आहे, अभ्यासात चांगली आहे. तिला कॉम्प्युटरमधलं शिकायचंय. नवी मुंबईत विमानतळाजवळ परदेशी विद्यापीठं येतायत, तिथेच जाणार म्हणून हटून बसलीय. मागच्या महिन्यात कणकवलीला एका हॉटेलात सेमिनार होता. 'ब्रिटनची डिग्री इथेच आणि नंतर नोकरी तिकडे' असं तिथल्या माणसाने सांगितलं, आठवड्यात बुकिंगचे पैसे भरायला सांगितलं. माझी ९० कलमं आहेत, पण सात-बारा सामाईक, त्यावर अकरा नावं. वाशीचा दलाल दोन हंगामांची उचल, म्हणजे येणाऱ्या आंब्यावर आगाऊ पैसे, द्यायला तयार आहे. ही पदवी खरी का? उचल घेऊ का?

उत्तर : भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. उचल घेऊ नका. बुकिंगचे पैसेही भरू नका. आठवड्याच्या मुदतीत घ्यायचा हा निर्णयच नव्हे.

तुम्ही माहितीपत्रकाच्या पानांचे फोटो पाठवलेत ते बरं केलंत. मी ते मोठे करून दोनदा वाचले. पहिल्या पानावर विद्यापीठाचं बोधचिन्ह ठसठशीत आहे. शेवटच्या पानावर मात्र, पत्त्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत दोन ओळी आहेत. शिकवणार ती सेमिनारवाली संस्था, आणि पदवी मिळेल 'भागीदार विद्यापीठाच्या अटींना अधीन राहून'. विद्यापीठ अनुदान आयोगाचं, म्हणजे यूजीसीचं, नाव अख्ख्या पत्रकात एकदाही नाही. तुमची लेक ज्या नवी मुंबईच्या विद्यापीठांबद्दल बोलतेय त्यांचा या पत्रकाशी काहीही संबंध दिसत नाही. वर्तमानपत्रात एक बातमी आली आणि हॉटेलातल्या माणसाने त्या हवेवर आपला माल पुढे केला. या दोन गोष्टी आधी वेगळ्या करू.

खरा कॅम्पस म्हणजे काय ते पहिल्यांदा. यूजीसीने नोव्हेंबर २०२३ मध्ये नियम काढले. जागतिक क्रमवारीत, एकूण किंवा त्या विषयात, पहिल्या ५०० मध्ये असलेल्या परदेशी विद्यापीठाला भारतात स्वतःचा कॅम्पस काढता येतो. पदवी त्या विद्यापीठाच्या नावाने आणि शिक्क्याने मिळते, आणि मूळ देशातल्या पदवीइतकीच ती इथे धरली जाते, ती भारतीय पदवीच्या तोडीची आहे असं सांगणारं वेगळं समकक्षता प्रमाणपत्र आणावं लागत नाही. या नियमांखाली पहिलं आलं ते ब्रिटनचं साउदॅम्प्टन विद्यापीठ, गुरुग्रामला, २०२५ मध्ये. त्याआधी गुजरातच्या गिफ्ट सिटीत ऑस्ट्रेलियाची डीकिन आणि वुलनगाँग ही विद्यापीठं २०२४ मध्ये सुरू झाली, पण तिथले नियम निराळे आहेत.

आपल्याकडचं सांगायचं तर १४ जून २०२५ रोजी मुंबईत पाच संस्थांना इरादापत्रं दिली गेली : ब्रिटनची ॲबर्डीन आणि यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठ, अमेरिकेची इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची डिझाइन शिकवणारी एक संस्था. सिडकोच्या एज्युसिटीची, म्हणजे विमानतळाजवळच्या त्या विद्यापीठांच्या वसाहतीची, बातमी तुमच्या लेकीने वाचली असणार ती हीच. पण इरादापत्र म्हणजे साखरपुडा, लग्न नव्हे. इमारत, शिक्षक, प्रयोगशाळा तयार झाल्या की यूजीसी तपासून अंतिम मंजुरी देते. ते मंजुरीचं पत्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुठेही रुपया भरायचा नाही. मग ते विद्यापीठ कितीही नावाजलेलं असो.

आता दुसरी गोष्ट, हॉटेलातली. हिला फ्रँचायझी म्हणतात. आपल्या संस्थेत शिकवायचं आणि परदेशातल्या कुणाच्या तरी नावाची पदवी द्यायची. यूजीसी ही पदवी मानत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने तशी जाहीर सूचनाही काढली आहे. २०२३ च्या नियमांत तर परदेशी विद्यापीठाने इथे अभ्यासकेंद्रं किंवा फ्रँचायझी काढायची नाही असं स्पष्टच लिहिलंय.

यावर मी जरा तळमळून बोलते, कारण आमच्या घरात हे घडलंय. माझ्या बहिणीच्या मुलाने मुंबईतल्या अशाच एका संस्थेतून तीन वर्षं 'ब्रिटिश' मॅनेजमेंटची पदवी घेतली. बहिणीने पाटल्या मोडल्या त्यासाठी. प्रमाणपत्र आलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं : जाड, किंचित पिवळसर कागद, कोपऱ्यात उठावाचा सोनेरी शिक्का, बोट फिरवलं तर लागणारा. दोन वर्षांनी स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरताना भारतीय विद्यापीठ महासंघाचं समकक्षता प्रमाणपत्र मागितलं. ते मिळालं नाही. पोरगं कागदोपत्री पुन्हा बारावी पास. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून त्याने परत तीन वर्षं बी. कॉम. केलं, दिवसा नोकरी करून. आज त्याचं बरं चाललंय, पण ती सहा वर्षं मी पाहिलीत. बहिणीच्या मोकळ्या मनगटाकडे बघवत नसे. म्हणून सांगते, शिक्का कुणाचा आहे यापेक्षा तो मारायचा अधिकार त्याला इथे आहे का, ते बघा.

'नंतर नोकरी तिकडे' हे जे त्याने सांगितलं, ते खऱ्या कॅम्पसच्या बाबतीतही खरं नाही. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर राहून काम करण्याची जी व्हिसाची सवलत आहे, ती तिथे जाऊन, विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्यांना मिळते. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाचंही तसंच. नवी मुंबईत चार वर्षं शिकून हातात ब्रिटनची पदवी आली, तरी ब्रिटनच्या विमानतळावर तिला रांग इतर भारतीयांचीच. त्या पदवीच्या जोरावर पुढे तिथे एम. एस्सी.ला प्रवेश मिळणं सोपं जाईल, हा फायदा आहे आणि मी तो कमी लेखत नाही. पण त्याला नोकरी म्हणत नाहीत.

नव्या कॅम्पसची आणखी एक काळजी म्हणजे तो टिकेल का. सिंगापुरात ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने मोठा गाजावाजा करून कॅम्पस काढला. मार्च २००७ मध्ये वर्ग सुरू झाले आणि जूनअखेर बंद. विद्यार्थी अपेक्षेइतके आलेच नाहीत, दीडशेच्या आत होते. मुलांना सिडनीला येण्याची सोय देऊ केली, पण ज्याने घराजवळ शिकायचं म्हणून सिंगापूर निवडलं होतं त्याने काय करायचं? कतारमध्ये अमेरिकेच्या टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचा कॅम्पस २००३ पासून चालू आहे, तोही २०२८ पर्यंत गुंडाळायचा ठराव त्यांच्या मंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. याउलट मलेशियात मोनॅश १९९८ पासून आणि नॉटिंगहॅम २००० पासून उभी आहेत. म्हणजे सगळे बुडतात असं नाही. आपल्या नियमांत यूजीसीच्या परवानगीशिवाय कॅम्पस बंद करता येत नाही, आणि केलाच तर मुलांची पर्यायी सोय मूळ विद्यापीठाने करायची आहे. ती सोय नेमकी कोणती, हे प्रवेशाआधी लेखी मागा. वर्ग कुठल्या पत्त्यावर भरणार, शिकवणारे कायमचे इथे राहणार की सेमिस्टरला पंधरा दिवस येऊन जाणार, हेही विचारा. ऑनलाइन व्याख्यानं दहा टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. आणि फी, ती परत मिळण्याचे नियम, जागा किती, हे सगळं असलेलं माहितीपत्रक प्रवेश सुरू होण्याआधी किमान ६० दिवस संकेतस्थळावर लावणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आठवड्याची मुदत देणारा माणूस इथेच उघडा पडतो.

आता पैशाचं. तुम्ही लिहिलेला फीचा आकडा मी इथे छापत नाही, पण तो वाचून मी कागद बाजूला ठेवला होता. परदेशी कॅम्पसची फी ते स्वतः ठरवतात. बँकेचं शैक्षणिक कर्ज साधारण साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं, त्यापुढे तारण लागतं. तिथे तुमची बाग कामाला येत नाही. सामाईक सात-बाऱ्यावरची अकरा नावं हे एक कारण झालं. दुसरं असं, की शेतजमीन बँकांच्या कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्यातून वगळलेली आहे, त्यामुळे ती तारण घ्यायला बँक नाखूश असते. मग माणूस वळतो दलालाकडे. तुम्हीही तसेच वळलात.

उचल म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. मोहोर जळला, फेब्रुवारीत अवकाळी आला, थ्रिप्स किडीने फवारणीला दाद दिली नाही, तरी उचल अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी पेटीचा भाव दलालच सांगणार. एका हंगामाची उचल फेडता फेडता बाग कराराने देऊन बसलेली घरं आपल्या पंचक्रोशीत आहेत. तुम्ही दोन हंगाम एकदम लिहून देणार, आणि कोर्स चार वर्षांचा. तिसऱ्या वर्षाची फी कुठून आणणार हे तुमच्या पत्रात नाही.

लेकीसाठी एक वाट मला जास्त भरवशाची वाटते. तिला सीईटी मनापासून द्यायला लावा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, कॅप, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. परदेशी कॅम्पस कॅपमध्ये येत नाहीत, तिथे ही माफी नाही. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्याच कोकणात आहे, तिथे कॉम्प्युटर आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आत्तापासून तहसीलला टाका. जूनमध्ये सेतूत उभं राहायला जागा नसते.

तरीही तिचा जीव परदेशी कॅम्पसवरच असेल, तर तिला एकदम मोडता घालू नका. पनवेल म्हणजे कणकवलीहून रात्री गाडीत बसलं की सकाळी, गणपतीला पोर घरी येईल, हा विचार चुकीचा नाही. आईला तर तो पटणारच. नियमांत शिष्यवृत्ती आणि फी सवलतीची तरतूद आहे. तिने स्वतः विद्यापीठाला थेट ईमेल करावा, मध्ये एजंट नको, आणि विचारावं : माझ्या गुणांवर किती टक्के सवलत, चारही वर्षं की फक्त पहिल्या वर्षी? उत्तर आलं की ते घेऊन मला पुन्हा लिहा. आकडा तुमच्या झेपेत आला तर मीच तुम्हाला जा म्हणेन.

प्रश्न : मी चिपळूणचा. आमच्या ओळखीच्या कॉलेजात 'दोन वर्षं इथे, दोन वर्षं परदेशात' असा कोर्स आहे, त्याला ट्विनिंग म्हणतात. घ्यावा का?

उत्तर : मित्रा, शब्द बरोबर आहे का ते आधी तपास. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ट्विनिंगमध्ये पदवी भारतीय संस्थाच देते आणि परदेशात मिळवलेली क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, तीस टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाहीत. चारपैकी दोन वर्षं म्हणजे निम्मी झाली, ती ट्विनिंगमध्ये बसत नाहीत. जॉइंट डिग्रीत एकच प्रमाणपत्र, दोघांचं मिळून. ड्युएल डिग्रीत दोन वेगळी प्रमाणपत्रं, आणि निदान तीस टक्के क्रेडिट्स भारतातून. प्राचार्यांना भेट आणि सरळ विचार, यातलं कुठलं? परदेशी विद्यापीठाशी झालेला लेखी करार दाखवाल का? व्हिसा नाकारला गेला तर उरलेली दोन वर्षं इथे पूर्ण करता येतील का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नकोस. व्हिसा नाकारला की मुलगा मधल्या मधे लटकतो, दोन वर्षांची क्रेडिट्स घेऊन.

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे राजापूरचे, गेली अठरा वर्षं दुबईत. मुलगा इथेच बारावी होईल. ब्रिटिश विद्यापीठाची शाखा बरी की भारतीय विद्यापीठाची? पुढे तो भारतात परतेल असं वाटतं.

उत्तर : परतायचं असेल तर भारतीय विद्यापीठाच्या शाखेकडे माझा कल आहे. बिट्स पिलानी तिथे २००० पासून आहे, आता आपल्या पुण्याची सिम्बायोसिसही गेलीय. पदवी भारतातली म्हटल्यावर इथे समजावून सांगावं लागत नाही. ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन शाखाही तिथे जुन्या आणि नावाच्या आहेत, वुलनगाँग १९९३ पासून. पण त्या पदवीला भारतात सरकारी नोकरीसाठी किंवा पुढच्या प्रवेशासाठी समकक्षता घ्यावी लागेल, आणि त्याचे नवे नियम एप्रिल २०२५ मध्ये आलेत, ते वाचून घ्या. कुठेही घाला, दुबईच्या केएचडीए या शिक्षण प्राधिकरणाची मान्यता आधी पाहा. आणि मार्कशीट, ट्रान्सक्रिप्ट, फीच्या पावत्या यांची एक फाइल राजापूरच्या घरी ठेवा. तुमच्यासारखी मंडळी नोकरी सुटली की महिन्याभरात सामान आवरून येतात, आणि मग एका शिक्क्यासाठी पुन्हा तिकीट काढावं लागतं.