ताबूत हातात येईल तेव्हा

बाळा,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या मुलांबरोबर हेगहून 11 जुलैला बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साला जातोयस, तिथं कसं वागायचं असं विचारलंस. विचारलंस हे फार बरं केलंस. मी एकदाच गेलोय आणि विचारून गेलो नव्हतो.

आपण त्याला स्मृतिदिन म्हणतो खरं, पण गावाजवळच्या पोटोचारीच्या कबरस्तानात त्या दिवशी खरोखर माती द्यायची असते. 1995 च्या जुलैत राट्को म्लादिचच्या बोस्नियन सर्ब सैन्यानं, संयुक्त राष्ट्रांनी 'सुरक्षित' म्हणून जाहीर केलेलं स्रेब्रेनित्सा घेतलं आणि थोड्याच दिवसांत आठ हजारांवर बोस्नियाक मुसलमान पुरुष आणि पोरं मारली. स्मारकाच्या दगडावर 8372 हा आकडा कोरलाय. मारून खड्ड्यांत पुरलं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पुरावा नको म्हणून तेच खड्डे यंत्रानं उकरून प्रेतं दुसरीकडे नेऊन टाकली. त्यामुळे एका माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी सापडतात. नातेवाइकांचं रक्त घेऊन डीएनए जुळवतात, तेव्हा कुठं नाव लागतं. मग घरच्यांपुढे प्रश्न, आहे तेवढं पुरायचं की बाकीचं मिळेपर्यंत थांबायचं? पुरल्यावर आणखी एखादं हाड मिळालं, तर कबर पुन्हा उघडावी लागते. आपण तिसऱ्या दिवशी सावडायला जातो. त्या आया तीस वर्षं सावडतायत.

2022 ला 50 जणांना माती दिली, 2023 ला 30, 2024 ला 14 आणि 2025 ला 7. हजाराच्या आसपास माणसं अजून सापडायचीच आहेत. हे मनात ठेवून जा, कारण तुझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंना कदाचित अजून पुरायलाही काही मिळालेलं नसेल.

भाषा तुला वाटते तेवढी परकी नाही. तुर्की अमलातून आलेले कितीतरी शब्द आपल्याकडेही आहेत. शवपेटीला ते ताबूतच म्हणतात. अंत्यविधीच्या नमाजाला जेनाझा, कबरीवरच्या पांढऱ्या उभ्या दगडाला निशान. एक म्हातारी आमच्या दुभाष्याशी बोलत होती, तिच्या तोंडून 'साबुर' ऐकला आणि त्यानं सांगायच्या आधीच मला कळलं. शिर्डीला भिंतीवर वाचतो तीच सबुरी.

त्याच बाईंना मी विचारलं होतं, "तुमच्या घरातले किती गेले?" दुभाष्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचवलाच नाही. त्या क्षणी मला राग आला. संध्याकाळी लाज वाटली. आकडे दगडावर आहेत, ते माणसांना विचारू नकोस. त्या आपण होऊन बोलल्या तर नाव विचार, तो काय काम करायचा ते विचार. नाही बोलल्या तर छातीवर हात ठेवून मान लववायची, एवढं पुरतं. सांत्वनाची वाक्यं जुळवत बसू नकोस.

कपडे साधे, अंगभर. सोबतच्या मुलींना डोक्यावर घ्यायला ओढणी ठेवायला सांग. ऊन कडक असतं. पाणी आणि चालायचे बूट हवेत, बस लांब थांबते. सारायेव्होत 9 तारखेला पोचणार असाल तर अध्यक्षीय इमारतीसमोरच्या रस्त्यावर जाऊन उभे राहा. ताबुतांचा ट्रक तिथून पुढे जातो, लोक त्यावर फुलं खोचतात.

फोन मात्र खिशात ठेव. हे मी उपदेशासाठी सांगत नाही, हात मोकळे लागतात म्हणून सांगतोय. नमाज झाला की हिरव्या कापडात गुंडाळलेले ताबूत गर्दीच्या डोक्यावरून, हातांवरून पुढे सरकतात. ध्वनिक्षेपकावर एकेक नाव वाचलं जात असतं. माझ्या समोरचा माणूस एकदम मागे वळला आणि ताबूत माझ्या हातावर आला. खांदा देताना आपण आधीच जोर लावून तयार राहतो ना, तसा मी राहिलो होतो. आणि हात वर उडाला. इतकं हलकं होतं ते. आत किती थोडं असेल, ते हाताला कळलं. दोन-तीन सेकंदांत ते पुढे गेलंही. बोटांना कापडाचा खरखरीतपणा राहिला होता, तो मला अजून आठवतो. तुझ्यापर्यंत आला तर हात वर कर, घाई करू नकोस, पुढच्यानं धरल्याशिवाय सोडू नकोस.

तुझ्याबरोबर डच मुलं असतील. त्या भागाचं रक्षण डच सैनिकांकडेच होतं. कबरस्तानासमोरच्या जुन्या बॅटरी कारखान्यात त्यांचा तळ होता आणि आसऱ्याला आलेली माणसं तिथूनच बाहेर काढली गेली. 2002 मध्ये या प्रकरणाच्या चौकशीच्या अहवालावरून डच मंत्रिमंडळानं राजीनामा दिला, 2022 मध्ये त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनी पोटोचारीत येऊन माफी मागितली. तुझे मित्र 1995 मध्ये जन्मलेही नव्हते. ते त्या दिवशी गप्प झाले तर त्यांना गप्प राहू दे, पण एकटं सोडू नकोस.

गावात तुला कुणीतरी सांगेल की वंशसंहार झालाच नाही. तू कायद्याचा विद्यार्थी आहेस, बोस्नियन सर्ब सेनापती क्रस्टिच याच्यावरच्या खटल्याचा 2004 चा अपिलाचा निकाल आणि 2007 चा आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल जाण्यापूर्वी वाचून घे. वाद घालण्यासाठी नव्हे, तुझ्या स्वतःच्या मनात गोंधळ राहू नये म्हणून. जवळच्या ब्रातुनात्सला सर्ब कुटुंबंही युद्धात गेलेल्या आपल्या माणसांसाठी मेणबत्त्या लावतात. त्या आयांचं दुःखही खरं आहे, ते कमी लेखू नकोस. मात्र एका दुःखानं दुसरं झाकायला कुणी निघालं तर तिथं मान डोलवू नकोस.

आणि जमलं तर 12 ला सकाळी पुन्हा जा. पुढारी, कॅमेरे, पोलीस सगळे गेलेले असतात. ताज्या मातीपाशी एखादी बाई बसलेली असते. लांबूनच थांब.

पोचलास की कळव.

तुझा,
सर