वाचकांचे प्रश्न : केळीला बी नाही, मग बोंडात सरकी कशी?

प्रश्न : आमच्या शेतात एका बाजूला केळीची कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली बाग) आणि दुसऱ्या बाजूला कापूस आहे. केळी त्रिगुणित, म्हणजे पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असलेली, असल्यामुळे तिला बी धरत नाही, असे मुलीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात वाचले. पण कापूस चतुर्गुणित आणि गहू तर षट्गुणित आहे, असेही कळले. गुणसूत्रांचे संच वाढल्याने केळीचे बी जात असेल, तर सरकी आणि गव्हाचा दाणा कसा टिकला? – एक शेतकरी वाचक, तालुका रावेर, जि. जळगाव

उत्तर : संच किती आहेत याला फारसे महत्त्व नाही, प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार मिळतो का आणि तो एकच मिळतो का, यावर बी धरणे अवलंबून असते.

पराग व अंडपेशी तयार होण्यासाठी पेशीचे अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन, व्हावे लागते. त्याच्या आरंभी गुणसूत्रांची टोके केंद्रकाच्या आवरणाला चिकटून एका बाजूला गोळा होतात, डीएनएचा धागा जागोजागी तुटतो आणि तुटलेले टोक आपल्यासारखाच क्रम असलेला दुसरा धागा शोधू लागते. तो सापडला की दोन गुणसूत्रे लांबीभर एकमेकांना बिलगतात, काही ठिकाणी तुकड्यांची अदलाबदल करतात आणि या अदलाबदलीच्या गाठींनीच वाटणीची वेळ येईपर्यंत एकत्र बांधलेली राहतात. त्यानंतर पेशीच्या दोन ध्रुवांकडचे धागे जोडीतले एकेक गुणसूत्र आपल्याकडे ओढून घेतात.

आपल्याकडील बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन हे वाण ज्या कॅव्हेंडिश गटातले आहेत, त्यात ११ गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे एकूण ३३ गुणसूत्रे असतात. प्रत्येक प्रकारची तीन गुणसूत्रे असली, तरी एका ठिकाणी दोघांचेच बिलगणे साधते. तिसरे एकटे राहते किंवा दुसऱ्या टोकाकडून त्या जोडीत घुसते. वाटणीत दोन एकीकडे आणि एक दुसरीकडे जाते, आणि कोणत्या बाजूला दोन जातील हे प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्रपणे, नाणे उडवल्यासारखे ठरते. अकराही नाणी एकसारखी पडली, तरच पूर्ण ११ किंवा पूर्ण २२ गुणसूत्रांची पेशी मिळेल. ही शक्यता हिशेबाने १,०२४ मध्ये एक इतकीच आहे. बाकीच्या पेशींत कुठे कमी, कुठे जास्त अशी विस्कटलेली भरती होते आणि त्यातल्या बहुतेक निकामी ठरतात.

तरीही ‘त्रिगुणित म्हणून बिनबियांची’ हे विधान मला अर्धेच खरे वाटते. सफेद वेलची केळी द्विगुणित असूनही तिच्यात बी सापडत नाही. फलन न होताच फळात गर भरणे हा केळीचा वेगळा, जनुकांनी ठरवलेला गुण आहे. तो नसता, तर बी न धरलेल्या घडाला गरही आला नसता. आणि लागवड मुनव्यांनी (बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांनी) किंवा टिश्यू कल्चरच्या रोपांनी होत असल्याने बियांवाचून बागेचे काही अडत नाही.

कापसाचे मात्र बियांवाचून चालत नाही. अमेरिकन कापसात ५२ गुणसूत्रे असतात, पण ती एकाच घराण्यातली नाहीत. सुमारे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी जुन्या जगातल्या कापसाचा ‘ए’ संच आणि अमेरिकेतल्या रानकापसाचा ‘डी’ संच एकत्र येऊन दुप्पट झाले. त्यामुळे ‘ए’ची १३ मोठी आणि ‘डी’ची १३ लहान गुणसूत्रे, प्रत्येकी दोन-दोन, अशी रचना झाली. सख्ख्या भावाला सख्खा भाऊ मिळतो आणि चुलत भावांची घरे शेजारी असूनही वेगळी राहतात. म्हणूनच २६ सरळ जोड्या लागतात आणि सरकी भरते. याचा पुरावा आपल्या गावरान कापसाकडूनच मिळाला. २६ गुणसूत्रांच्या गावरानाचा अमेरिकनशी संकर केला की ३९ गुणसूत्रांचे रोप येते. त्यात गावरान संच अमेरिकनमधल्या ‘ए’शी जुळून साधारण १३ जोड्या लागतात आणि ‘डी’ची १३ एकटी पडतात. अर्थात असे रोप वांझ निघते.

गव्हात चुलत भावांमधले अंतर कमी असल्याने नुसत्या वेगळेपणावर भागत नाही. पोळीच्या गव्हात ए, बी, डी अशा तीन घराण्यांची ४२ गुणसूत्रे असून ती नेमक्या २१ जोड्या लावतात. त्यामागचा कारभारी १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये रायली आणि चॅपमन यांनी, तर अमेरिकेत सीअर्स आणि ओकामोटो यांनी दाखवून दिला. ‘५-बी’ या, म्हणजे ‘बी’ घराण्यातल्या पाचव्या, गुणसूत्राच्या लांब भुजेवरील ‘पीएच-१’ हा भाग काढून टाकला, की चुलत गुणसूत्रेही एकमेकांना बिलगू लागतात आणि वाटणी बिघडते. बटाट्यात चारही संच एकाच घराण्याचे असल्याने कोण कोणाशी जुळेल याला धरबंध नसतो आणि कधी चारांचा एकच घोळका होतो. त्याचीही लागवड कंदाने होते, म्हणून ते खपून जाते.

वर सांगितलेल्या ३९ गुणसूत्रांच्या वांझ रोपावर पैदासकार कोल्चिसिन या रसायनाचा प्रयोग करतात. त्याने गुणसूत्रे दुप्पट होऊन ७८ झाली, की एकट्या पडलेल्या प्रत्येक ‘डी’ गुणसूत्राला स्वतःचीच प्रत जोडीदार म्हणून मिळते, आणि त्या रोपाच्या बोंडात सरकी धरू लागते.