वाढीव काम, जादा काम आणि बदली काम

गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या एका पंचायतीचे पंच सदस्य विचारतात : ‘आमच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेत “वाढीव कामास कार्योत्तर मंजुरी देणे” असा विषय पुन्हा पुन्हा येतो. वाढीव काम आणि जादा काम एकच का? आणि इंजिनियर ज्याला डेव्हिएशन म्हणतो, त्याला ठरावात मराठीत काय लिहावं?’

एकच नाही. कोशात हे दोन शब्द शेजारी शेजारी सापडतील, पण बोलताना आपण त्यांची गल्लत करत नाही. जत्रेला गोव्याच्या कदंब बससेवेच्या ‘जादा गाड्या’ सुटतात. त्यांना ‘वाढीव गाड्या’ कोणी म्हणणार नाही. वीजबिल मात्र ‘वाढीव’ येतं आणि मुदतही ‘वाढीव’ मिळते. आधी होतं ते फुगलं की वाढीव. आधी नव्हतंच, वरून आलं, की जादा.

कंत्राटात हा फरक पैशाचा आहे. समजा, पंचायतीने चिऱ्यांचं गटार बांधायला दिलं. निविदेत चिऱ्यांचं बांधकाम ६० घनमीटर धरलं होतं; गटार थोडं पुढे न्यावं लागलं आणि ते ७५ वर गेलं. हे वाढीव काम. बाब तीच, दर ठरलेला, परिमाण तेवढं चढलं. (तेही कंत्राटात घातलेल्या मर्यादेपर्यंतच, ती ओलांडली की वरच्या परिमाणाच्या दराचा प्रश्न पुन्हा उघडतो.) आता खोदताना कातळ लागला आणि कातळ फोडण्याची बाब निविदेतच नव्हती, तर ते जादा काम. त्याचा दर कंत्राटदाराने कधी भरलेलाच नाही. तो सरकारी दरसूचीवरून, नाहीतर बाजारभावाचा हिशेब (दर पृथक्करण) मांडून ठरवावा लागतो. स्पर्धेत न उतरलेला हा दर असतो, म्हणून सभेत प्रश्न विचारायचे ते इथेच. दोन्ही गोष्टी ‘वाढीव काम’ या एकाच पांघरुणाखाली झोपवल्या की पंचाला विचारायचं काय तेच कळत नाही.

तिसरा प्रकार प्रश्नात नाही, पण तो सुटता कामा नये. रस्त्यालगतच्या भागात चिरे टिकणार नाहीत म्हणून तिथे काँक्रीटची भिंत घातली, तर एक बाब गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. काही जण हिला ‘पर्यायी बाब’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. पर्याय म्हटला की निवड अजून बाकी असल्यासारखं वाटतं. आपल्याकडे बदली चालक असतो, बदली खेळाडू असतो. तशी ही ‘बदली बाब’. ‘बदल’ मूळ अरबी, अर्थ एकाच्या जागी दुसरं. ‘मोबदला’ त्याच घरातला.

‘बाब’ शब्दाची गोव्यात एक गंमत आहे. कोकणीत तो आदराने नावाला लागतो, त्यामुळे सभेत ‘जादा बाब’ म्हटलं की कोणीतरी आगंतुक पाहुणा आल्यासारखं वाटतं. ज्यांना हसू आवरत नाही त्यांनी खुशाल ‘आयटम’ लिहावं. तो शब्द साइटवर रुळलेलाच आहे.

आता डेव्हिएशन. गोवा १९८७ पर्यंत केंद्रशासित होता, त्यामुळे इथल्या साबांखाची (सार्वजनिक बांधकाम खात्याची) कंत्राटी भाषा केंद्रीय खात्याच्या वळणाची. डेव्हिएशन (ठरलेल्यापेक्षा कमीजास्त झालेलं काम), एक्स्ट्रा आयटम (जादा बाब), सब्स्टिट्यूटेड आयटम (बदली बाब) ही त्रयी तिथलीच. पारिभाषिक मराठीत ‘विचलन’ आहे, पण ते संख्याशास्त्रात शोभतं. ठरावात ‘कामातील विचलन’ लिहिलं तर कंत्राटदाराचं पाऊल घसरलं असं वाटेल. तिन्ही प्रकारांना मिळून ‘फेरबदल’ म्हणावं. मंत्रिमंडळामुळे तो शब्द थोडा बदनाम आहे, तरी चालतो, कारण त्यात कमी झालेलं कामही मावतं. ‘वाढीव’मध्ये ते मावत नाही, आणि गाळलेल्या कामाची रक्कम वजा झाली की नाही हे विचारायचं राहून जातं.

‘मंजुरी’ की ‘मान्यता’? ‘मंजूर’ अरबीत मुळात ‘पाहिलेलं’. ‘नजर’शी त्याचं नातं आहे. व्यवहारात मात्र दोन्ही शब्द सरमिसळ चालतात आणि त्यात बिघडत नाही. बिघडतं ते मान्यता कशाला हे न लिहिल्यामुळे. तांत्रिक मान्यता अभियंत्याच्या अंदाजपत्रकाला, प्रशासकीय मान्यता काम करण्याला आणि खर्चाला. केंद्रीय नियमावलीत खर्च मूळ प्रशासकीय मान्यतेच्या १० टक्क्यांहून वर गेला की सुधारित मान्यता लागते. महाराष्ट्रातल्या धरणांच्या बातम्यांत भेटणारी ‘सुप्रमा’ ती हीच, सुधारित प्रशासकीय मान्यता. सुधारतं काही नाही, आकडा वाढतो. पण शब्द रुळला आहे. काम सरकारी अनुदानातून असेल तर पंचायतीच्या ठरावाने हे भागत नाही, ज्याने मूळ मान्यता दिली त्याच्याकडे परत जावं लागतं.

राहिला ‘कार्योत्तर’. यातला ‘उत्तर’ म्हणजे नंतरचा, ‘मरणोत्तर’मधला. काम उरकल्यावर दिलेली मंजुरी ती कार्योत्तर. जूनच्या आत गटार पुरं व्हायला हवं म्हणून कधी तशी वेळ येतेही. पण काम सुरू असताना ‘करा, दर मागाहून ठरवू’ असं म्हटलं असेल, तर ती ‘तत्त्वतः मान्यता’. (जोडाक्षरात दोन त, मग व.) विषयपत्रिकेत सगळंच कार्योत्तर छापलं जात असेल, तर एक तर शब्द चुकतो आहे, नाहीतर कारभार.

ठराव मी असा लिहीन : ‘सदर कामातील पुढील फेरबदलांस मान्यता देण्यात येते. वाढीव परिमाण : चिऱ्यांचे बांधकाम, ६० ऐवजी ७५ घनमीटर, निविदेतील दराने. जादा बाब : कातळ फोडणे, सोबतच्या दर पृथक्करणानुसार. बदली बाब : रस्त्यालगतच्या भागात चिऱ्यांऐवजी काँक्रीटची भिंत. वगळलेल्या कामाची रक्कम वजा जाता निव्वळ वाढ रुपये अमुक.’ ‘अमुक’च्या जागी आकडा सभेपूर्वी भरलेला असावा. ‘सचिवांना अधिकार देण्यात येत आहेत’ हे शेपूट लावू नये.