म्युनिकला जा, पण जुलैत

तुमचं पत्र थोडक्यात असं: मूळचे नाशिकचे, डिसेंबर २०२१ पासून नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला. पगार वर्षाला ७४,००० युरो, त्यावर ३० टक्के करसवलत (परदेशातून आलेल्या कुशल कर्मचाऱ्याचा तेवढा पगार करमुक्त) चालू. म्युनिकच्या कंपनीने ९२,००० देऊ केलेत, रुजू व्हायचं १ एप्रिल २०२६ ला. पत्नी सध्या नोकरी करत नाहीत, मुलगी तीन वर्षांची, जन्म आइंडहोव्हनचाच. बँकेत २८,००० युरो. भारतात १८ लाखांची एनआरई (अनिवासी भारतीयांच्या परदेशी कमाईच्या खात्यातली) मुदत ठेव, मुद्दल आणि व्याज दोन्ही जून २०२६ मध्ये एकदम मिळणार. म्युच्युअल फंडात ६२ लाख, त्यातला नफा ३० लाखांच्या आसपास. दोन वर्षांनी म्युनिकजवळ घर घ्यायचं ठरलं तर ‘तेव्हा फंड विकू’ असा विचार. प्रश्न एकच, जावं का?

जावं. पण तुम्ही दिलेलं कारण, म्हणजे १८,००० युरोंची वाढ, ते खरं कारण नाही.

२०२५ च्या दरांनी मी दोन्हीकडचा हिशेब मांडून पाहिला. आज कंपनीच्या पेन्शनची कपात धरली नाही तर महिन्याला साधारण ५,१५० युरो तुमच्या हातात पडतात. जर्मनीत ९२,००० मधून प्राप्तिकर, पेन्शन, आरोग्यविमा, बेकारी विमा आणि शुश्रूषा विमा वजा केला की उरतात ५,१५० च्याच जवळपास. आकडा वाढला, हातातले पैसे जिथल्या तिथे. हे वाचून तुमचा विरस होईल, पण लगेच नकार कळवू नका. तुमची ३० टक्के सवलत पाच वर्षांची आहे, ती २०२६ च्या अखेरीस संपते. त्यानंतर याच ७४,००० वर हातात येतील फक्त ४,२०० च्या आसपास. म्हणजे तुलना आजच्या पगाराशी करायचीच नाही, २०२७ च्या जानेवारीतल्या पगाराशी करायची. तिथे म्युनिक महिन्याला नऊशे युरोंनी पुढे आहे.

शिवाय आज तुम्ही दोघांच्या आरोग्यविम्याचा हप्ता खिशातून भरता, माणशी दीडशे युरोंच्या वर. जर्मनीत सरकारी विमा घेतला तर न कमावणारी पत्नी आणि मुलगी तुमच्याच विम्यात विनाहप्ता येतात. तुमचा पगार मर्यादेच्या वर असल्यामुळे खाजगी विम्याचे एजंट गाठतीलच. तरुण माणसाला हप्ता कमी दिसतो खरा, पण तिथे प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा असतो आणि एकदा बाहेर पडल्यावर सरकारी विम्यात परत येणं फार अवघड होतं. सरकारीच घ्या. मुलीसाठीचा बालभत्ता महिन्याला २५९ युरो मिळतो, तोही धरा. म्युनिकचं घरभाडं यातला मोठा वाटा खाईल, हे मात्र मनाशी पक्कं ठेवा.

आता कागदपत्रं. इथे बऱ्याच जणांची फसगत होते, कारण एका युरोपीय देशातून दुसऱ्यात जाणं म्हणजे नुसती गाडी बदलणं असं वाटतं. तुमचा परवाना डच ‘उच्चकुशल स्थलांतरित’ योजनेचा आहे, युरोपीय ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा युरोपीय संघाचा परवाना) नव्हे. ब्लू कार्डवाल्याला वर्षभरानंतर दुसऱ्या सदस्य देशात जाणं सोपं केलंय. ती सोय तुमच्या परवान्याला नाही. नेदरलँड्समधल्या जर्मन वकिलातीतून नव्याने व्हिसा घ्यावा लागेल, आणि तो हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. तिकडे ब्लू कार्ड मिळालं की जर्मन भाषेची बी-१ (मध्यम) पातळी गाठल्यास २१ महिन्यांत, ए-१ (प्राथमिक) वर २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. म्हणून डच कायम वास्तव्यासाठी लागणारी पाच वर्षं अर्धवट राहिल्याची हळहळ फार नको. दोघांनी जर्मनचा वर्ग मात्र या महिन्यातच लावा.

लग्नाचा दाखला हा दुसरा खड्डा. तुमच्या दाखल्यावर अपोस्टिल (कागद खरा असल्याची परदेशासाठीची सरकारी मोहोर) आहे, डच नगरपालिकेने तो मुकाट्याने घेतला. जर्मनी भारताचं अपोस्टिल मानत नाही. तिथलं कार्यालय दाखल्याची भारतातून पडताळणी मागू शकतं आणि त्यात महिने जातात. याचा पैशांशी थेट संबंध आहे. लग्नाची नोंद झाल्याशिवाय तुम्हाला कराचा तिसरा वर्ग (एकच कमावता असलेल्या जोडप्याचा, कमी कापणीचा) मिळत नाही, अविवाहिताच्या पहिल्या वर्गाने कर कापला जातो. तुमच्या पगारावर हा फरक महिन्याला साडेसहाशे युरोंचा आहे. विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळतो, पण ऐन घर लावायच्या दिवसांत हात आखडतो. आइंडहोव्हनच्या नगरपालिकेत तुमच्या लग्नाची नोंद झालेली असली तर तिचा उतारा आत्ताच काढून ठेवा. मुलीच्या जन्मदाखल्याचा बहुभाषिक उताराही तिथेच मिळतो, त्याला पुढे काही लागत नाही.

घराची नोंदणी जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. ज्या तात्पुरत्या जागेचा मालक तो कागद देणार नाही, ती स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येते, पण ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे. अनेक घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळाची जोडणी एवढंच. ओटा, कपाटं, शेगडी आपली आपण. अनामत, दोन महिने दुहेरी भाडं, सामानाची गाडी आणि हा ओटा मिळून मी १५,००० युरो बाजूला काढायला सांगेन. उरलेल्या १३,००० ना पहिले सहा महिने हात लावू नका. नव्या नोकरीचा परीक्षाकाळ तेवढाच असतो.

आता तुम्ही ज्याला ‘नंतर बघू’ म्हटलंय, त्या भारतातल्या पैशाकडे येतो. माझा खरा आग्रह इथेच आहे.

सवलतीबरोबर मिळणारा ‘अंशतः अनिवासी’ राहण्याचा पर्याय तुम्ही घेतला असेल, तर बचत-गुंतवणुकीवरचा डच कर तुम्हाला २०२६ संपेपर्यंत लागत नाही. जुनी विवरणपत्रं काढून तेवढं तपासा. जर्मनीत पाऊल ठेवून राहायला लागलात की मात्र तुमचं जगभरातलं उत्पन्न तिथे करपात्र होतं. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असतं म्हणून लोक निश्चिंत असतात. ती करमुक्ती फक्त भारतापुरती. जर्मनीत व्याजावर आणि नफ्यावर अधिभारासह २६.३७५ टक्के कर लागतो, जोडप्याला वर्षाला २,००० युरोंपर्यंत सूट. आणि व्याज हातात पडतं त्या वर्षी ते मोजलं जातं. तुमच्या ठेवीचं सगळं व्याज जूनमध्ये एकदम येणार. एप्रिलला गेलात तर नेदरलँड्समध्ये असताना साठलेल्या व्याजावरसुद्धा जर्मनीत कर.

फंडांचं याहून मोठं आहे. विकताना नफा तुमच्या मूळ खरेदीच्या किमतीपासून धरतात, तुम्ही जर्मनीत आलात त्या दिवसाच्या किमतीपासून नव्हे. म्हणजे नाशिकला असताना सुरू केलेल्या एसआयपीचा नफाही त्यात आला. युरो शंभर रुपयांच्या घरात धरला, तर ३० लाखांच्या नफ्यावर भारतात ३.७५ लाखांच्या आसपास कर बसेल, तो कुठूनही विकलंत तरी आहेच. जर्मनीत राहून विकलंत तर भारतातला कर वळता करून घेतल्यावरही दीड ते साडेतीन लाख वरचे जातील. इक्विटी फंडांना असलेली ३० टक्क्यांची सूट तुम्ही कागदोपत्री सिद्ध करू शकता की नाही, यावर तो आकडा हलेल. त्याखेरीज परदेशी फंडांचं वेगळं परिशिष्ट दर वर्षी, न विकताही, भरत बसायचं.

घर दोनच वर्षांत घ्यायचं असेल तर तो पैसा शेअर बाजारात ठेवायला मी तसाही तयार नाही. तेव्हा घरासाठी लागणारा हिस्सा निघण्याआधी विका. एक भाग ३१ मार्चच्या आत, दुसरा १ एप्रिलनंतर, म्हणजे भारतातली नफ्यावरची सव्वा लाखाची सूट दोन आर्थिक वर्षांत दोनदा मिळेल. त्याआधी फंडांकडे तुमची नोंद अनिवासी म्हणून झाली आहे ना हे बघा. २०२१ पूर्वीची गुंतवणूक असेल तर पैसे एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या पैशाच्या) खात्यात येतील आणि तिथून बाहेर काढायला सीएचं प्रमाणपत्र लागेल. त्यात चार-सहा आठवडे सहज जातात.

डच बाजूचं काम थोडं आहे. निघण्याच्या पाच दिवस आधीपासून नगरपालिकेत नाव कमी करता येतं, विमा त्यानंतर बंद होतो. डच बँक खातं आणि डिजीडी (सरकारी कामांचं डच ऑनलाइन लॉगिन) मात्र चालू ठेवा, कारण स्थलांतराच्या वर्षाचं वेगळं विवरणपत्र पुढच्या वर्षी भरायचंय. स्थलांतराच्याच वर्षासाठी जर्मनीत कराचा दर ठरवताना तुमचा डच पगारही बघितला जाईल, तेव्हा पहिल्या परताव्यावर फार भिस्त ठेवू नका.

ठेवीची मुदत, फंडांची दोन टप्प्यांत विक्री, दाखल्याची पडताळणी आणि व्हिसा, या चारही गोष्टी एप्रिलपर्यंत बसत नाहीत. १ जुलैपर्यंत नीट बसतात. कंपनीला आजच लिहा आणि जुलै मागा. व्हिसाचं कारण पुरेसं आहे, आणि ते खरंही आहे. नाहीच म्हणाले तर एप्रिलला जा. मग ठेव मार्चमध्येच मोडा, बँकेचा दंड सोसून. फंड विकायला या आठवड्यात सुरुवात करा आणि पत्नी व मुलीला कागद पूर्ण होईपर्यंत आइंडहोव्हनलाच राहता येईल का, हे त्यांच्या परवान्याबाबत आधी विचारून घ्या. त्यांचा परवाना तुमच्या नोकरीवर अवलंबून आहे.