बाबा रोज संध्याकाळी ‘घरी जायचंय’ म्हणतात: स्मृतिभ्रंशावरची प्रश्नोत्तरे

आई ७२ वर्षांची. एकच गोष्ट चारदा विचारते. घरचे म्हणतात, वयच झालं. डॉक्टरांना दाखवावं का? (दादर)

दाखवाच. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वयाचं. रोजच्या गल्लीत वाट चुकणं, भाजीवाल्याकडे सुट्ट्या पैशांचा हिशेब न जमणं, हे वयाचं नाही.

आधी रक्त तपासा: बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम, हिमोग्लोबिन. वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्या शाकाहारी माणसाचं बी-१२ बऱ्याचदा कमी निघतं आणि ते भरून काढता येतं. मेंदूचा स्कॅनही एकदा हवा. मध्यंतरी पडल्या असतील, तर कवटीखाली हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या; सर्दी-ॲलर्जीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनीही विसराळूपणा येतो.

आणि गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला, तर लघवीचा संसर्ग किंवा अंगातलं पाणी कमी होणं अशी कारणं असू शकतात. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बाबा संध्याकाळी ‘घरी जायचंय’ म्हणत बाहेर पडतात. एकदा स्टेशनवर सापडले. (बोरिवली)

‘हेच आपलं घर’ हे पटवत बसू नका, त्याने ते चिडतात. ‘चहा घेऊ, मग निघू’ म्हणा आणि खरोखरच आवारात एक फेरी मारून आणा. अंधारून यायच्या आधीच सगळे दिवे लावा. दुपारची झोप अर्ध्या तासात आटोपा.

सेफ्टी डोअरला नेहमीच्या कडीपासून दूर, अगदी वर किंवा अगदी खाली, एक जादा कडी बसवा. एकटे असताना बाहेरून कुलूप मात्र नको. आग लागली तर ते आत अडकतील. खिशातली चिठ्ठी टिकत नाही, म्हणून फोन नंबर कॉलरच्या आत शिवा. रोज सकाळी मोबाइलवर एक फोटो काढला, की कपड्यांचा रंग आठवत बसावं लागत नाही.

हरवले तर २४ तास थांबावं लागतं, हा निव्वळ गैरसमज. लगेच ११२ लावा, रेल्वेसाठी १३९. वॉचमन, वाणी, रिक्षा स्टँड यांना आजच सांगून ठेवा. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज आहे. सोसायटीत लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

सासूबाई माझ्यावर पाटल्या चोरल्याचा आळ घेतात. शांत राहतील अशी गोळी असते का? (लालबाग)

आळ बहुधा जी दिवसभर करते तिच्यावरच येतो. वस्तू त्यांनीच जपून ठेवलेली असते, ठेवल्याचं आठवत नाही आणि मन ती जागा ‘चोरी’ने भरतं. खुलासे देऊ नका. ‘चला, दोघी शोधू’ म्हणा. तांदळाचा डबा, उशीची खोळ, देव्हाऱ्यामागे बघा; कचरा टाकण्याआधी तोही. खरं सोनं लॉकरमध्ये, हाताशी खोटं.

गोळ्या असतात, पण त्यांनी अंग कडक होतं, पडण्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. त्या शेवटचा उपाय म्हणून, थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. नवऱ्याने आणि नणंदेने आठवड्यातले ठरावीक तास घ्यावेत, हे औषधापेक्षा आधी व्हायला हवं.

वडिलांचं निदान नुकतंच झालंय. बँकेसाठी मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं ना? (मुलुंड)

नाही. करून देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्याने संपतं. अजून त्यांना कळतंय तोवर खाती संयुक्त करा, नामनिर्देशन तपासा आणि मृत्युपत्र करायचं असेल तर त्याच सुमारास समज शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला घ्या. सही जुळेनाशी झाल्यावर पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तोवर आयांचा पगारही तुमच्या खिशातून.