शंका-समाधान : एकचाकी डांबरावरून उतरते तेव्हा

प्रश्न : २० इंची एकचाकी सायकलवर डांबरी रस्त्याने किलोमीटरभर सहज जातो. पायवाटेवर मात्र लिंबाएवढा दगड आला तरी चाक अडतं आणि मी पुढे फेकला जातो. पायांत जोर कमी पडतोय का?

जोर पुरेसा आहे, चाक लहान आहे. चाक जितकं लहान, तितका तोच दगड त्याला उंच पायरीसारखा लागतो. पायवाटेसाठी २४ किंवा २६ इंची चाक, अडीच ते तीन इंच रुंद टायर आणि १४० ते १५० मिलिमीटरचे क्रँक, म्हणजे पायडल चाकाच्या आसाला जोडणारे दांडे, घ्या. २९ इंची चाक दगडांवरून आणखी सहज जातं, पण चढून बसायला आणि थांबवायला अवघड. सुरुवातीलाच त्याच्या नादी लागू नका.

मग हवा. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच. डांबरावरची ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा तशीच ठेवून खडीवर गेलात, तर चाक चेंडूसारखं उडतं. साठ-पासष्ट किलो वजनाला, तीन इंची टायरमध्ये २० पीएसआयपासून सुरुवात करा. भिंतीला हात टेकून, पायडलांवर उभं राहून जागच्या जागी दोन उड्या मारा. रिम टेकल्याचा ‘ठक्’ आवाज आला, तर दोन पीएसआय वाढवा. हवा फारच कमी असेल तर आडव्या उतारावर टायर एका बाजूला ओढत राहतो आणि कंबर त्याच्याशी भांडत बसते.

आता तो दगड. क्रँक उभे असताना, म्हणजे एक पायडल वर आणि एक खाली, पायाचा दाब चाक फिरवायला जवळजवळ उपयोगी पडत नाही. नेमका तेव्हा दगड भिडला की पडलातच. म्हणून चाकाच्या दोन फेऱ्या आधीच नजर टाका आणि किंचित नागमोडी जाऊन अंतर असं जुळवा, की टायर भिडताना क्रँक आडवे असतील. त्या क्षणी सीटची मूठ वर ओढा, सीटवरून जेमतेम उठा आणि पुढचा पाय दाबा. ओलांडलं की लगेच बसा. एरवी वजन सीटवरच हवं. सगळा भार पायांवर घेणारा पाच-दहा मिनिटांत दमतो.

प्रश्न : लांब उतारानंतर गुडघे ठणकतात. सीट खाली घेऊ का?

एखाद-दोन इंच घ्या, तोल सावरायला बरं पडतं. गुडघ्यांचं कारण मात्र वेगळं आहे. एकचाकीत फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारी सोय, नसतं, त्यामुळे उतारावर चाक पायांना फिरवतं आणि वेग रोखायचं काम गुडघ्यांवर येतं. रिम किंवा डिस्क ब्रेक बसवा, त्याची लिव्हर सीटच्या मुठीखाली येते. एका बोटाने सतत हलका ओढून ठेवायचा आणि पायांचा थोडा विरोध चालू ठेवायचा. झटक्यात दाबलात तर चाक थांबेल, तुम्ही नाही. सराव आधी गवताच्या सौम्य उतारावर करा.

प्रश्न : डावं पायडल कितीही आवळलं तरी तासाभरात सैल होतं.

चाक किंवा सीट उलटी बसली आहे. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. ते उजवीकडे आलं की चालवताना आपोआप सुटत जातं. सीटवर बसून पाहा, ‘एल’ खूण असलेला क्रँक डाव्या पायाखाली हवा. आटे खाल्ले गेले असतील तर क्रँक बदला, नुसतं आवळून काही होणार नाही.